अथेन्सची घुबडं आणि तुलाचा समोवार

आज दिवसभरात जर्मनमधून रशियनमध्ये जेमतेम दोन पानांचा अनुवाद झाला.

सुरुवात छान होती. जर्मन म्हणतात, 'इथंच कुत्रा पुरलाय', म्हणजे आपलं 'इथंच पाणी मुरतंय'. रशियनमध्येही तोच कुत्रा, तसाच पुरलेला. जर्मन डासाचा हत्ती करतात, रशियन माशीचा. तेही निभावलं.

मग आलं 'अथेन्सला घुबडं नेणं'. प्राचीन अथेन्सच्या नाण्यांवरच घुबड असायचं, मग तिथं आणखी घुबडं कशाला न्यायची! रशियन याला म्हणतात, 'स्वतःचा समोवार घेऊन तुलाला जाणं'. समोवार म्हणजे चहासाठी पाणी उकळायचं धातूचं भांडं, आणि तुला हे रशियातलं समोवारांचंच शहर. अर्थ तंतोतंत जुळतो. पण वाक्य होतं एका जर्मन आजीच्या पत्रातलं. तिच्या तोंडी समोवार? माझ्या मनाला पटेना. तासभर तिथंच अडकले. शेवटी घुबडंच ठेवली, वाक्य थोडं मोकळं केलं. रशियन वाचकाला कळेल, आणि आजी जर्मनच राहील.

संध्याकाळी परीक्षेचा प्रसंग. जर्मन शुभेच्छा: 'मान आणि पाय मोडो!' रशियन: 'ना पीस, ना पर!' ही मूळची शिकाऱ्यांची. इथं मात्र मी बेलाशक बदल केला, कारण रशियन माणूस त्यावर 'जा सैतानाकडे!' असं उत्तर देतोच. ते उत्तर लिहिताना फार आनंद झाला.