पेरणाऱ्याचा दाखला

इंदुरात हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलीला 'दाखिला' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो, तो म्हणजे शाळेत प्रवेश. मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी एका सकाळी बायबलातल्या मत्तयाचा तेरावा अध्याय काढून 'पेरणाऱ्याचा दाखला' वाचायला घेतला आणि मी कान टवकारले. वाटेवर पडलेलं बी पाखरांनी खाल्लं. खडकाळ जागी पडलेलं उन्हानं करपलं. काट्यांत पडलेलं गुदमरलं. चांगल्या जमिनीत पडलेल्याचा मात्र दाखिला झाला. पुढचं शंभरपट, साठपट, तीसपट म्हणजे मला मार्क वाटले. तीसवाल्याला कसं घेतलं, एवढीच शंका होती, पण बाबांना विचारली नाही. प्रार्थनेच्या आधी मध्येच बोललेलं त्यांना खपत नसे.

चर्चमध्ये आमची उपासना हिंदीत. तिथे दाखल्याला, म्हणजे येशूनं सांगितलेल्या अशा बोधकथेला, दृष्टांत म्हणतात. घरच्या मराठी बायबलात दृष्टांत म्हणजे प्रेषितांना झोपेत-जागेत दिसतं ते, शेजारच्या काकूंच्या स्वप्नात दत्तगुरू येतात तसलं. एकच शब्द, पण चर्चच्या फाटकातून बाहेर पडून लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात शिरेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असायचा. पुस्तकांची नावंही तशीच: अय्यूबचा ईयोब व्हायचा, गिनतीची गणना, न्यायियोंचे शास्ते. मी दोन्ही नावं पाठ केली आणि दोन देव आहेत की काय, असं काही दिवस मनात धरून राहिले.

आम्ही मूळचे नगरचे. आजोबा नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. नगरचं आता अहिल्यानगर झालं, तेव्हा बाबा खूष होऊन म्हणाले, "बघ, अहिल्याबाईही तिकडच्याच, चौंडीच्या. नगर जिल्ह्यातून निघून इंदूरला नांदणाऱ्यांत आपण काही पहिले नाही." त्यांच्या बोलण्यात अशी मोठ्या लोकांशी लावलेली नाती बरीच येतात. मराठी बायबलाचा पहिला भाग, मत्तयाचं शुभवर्तमान, 1805 मध्ये छापला गेला, तोही महाराष्ट्रात नव्हे तर बंगालात, श्रीरामपूरला, विल्यम केरी या मिशनऱ्यांच्या छापखान्यात. हे कळल्यापासून पुण्याच्या नातेवाइकांनी आमच्या मराठीला नावं ठेवली की बाबा तेच पुढे करतात. मराठी बायबलच मुळी परमुलखात जन्मलंय, मग आमच्या 'येऊन राहिले, करून राहिले'ला का हसता?

हसण्यासारखं अर्थात आहेच. मी मराठी वाचायला शिकले ती बायबलावरून. शाळेत मराठी नव्हती, घरात मासिकं येत नव्हती. त्यामुळे गव्हाण, खळं, सुपं, जू, शिंगरू, जकातदार हे शब्द मला ती वस्तू किंवा तो माणूस दिसण्याच्या कितीतरी आधी भेटले. पुण्याला मामेबहिणीबरोबर भाजी घ्यायला गेले आणि भाजीवाल्याला म्हटलं, "पाच रुपये उणे पडतायत." तो नुसता बघत राहिला. बहीण घरी येईपर्यंत हसत होती. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही,' हे तेविसावं स्तोत्र मला शाळेतल्या प्रार्थनेच्याही आधी येत होतं. पाच रुपये उणे पडू शकतात, हे त्या दिवशी भाजीच्या गाडीवर पहिल्यांदा म्हणावं लागलं. अजूनही मी गोष्ट सांगायला लागले की 'तेव्हा असं झालं की' म्हणून सुरुवात करते. ऑफिसात सोबतचे म्हणतात, मॅडम, अपन को सीधे मुद्दे पे आने का.

आमच्याकडचा नियम आईच्या वेळेपासूनचा: रोज सकाळी एक अध्याय, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून ओळीनं. निवडानिवड नाही. मी हिशेबाच्या नोकरीत आहे, म्हणून एकदा बेरीज करून पाहिली. पुस्तकं 66, अध्याय 1189. रोज एक धरला तर तीन वर्षं आणि चौऱ्याण्णव दिवस. शेजारच्या काकू रोज दासबोधाचा एक समास वाचतात. आमच्या गॅलऱ्या समोरासमोर. एकदा कपडे वाळत घालताना त्यांनी विचारलं, "अगं, तुमचं किती दिवसांत होतं? माझे दोनशे समास, दोनशे दिवस." मी म्हटलं, "सव्वातीन वर्षं." त्यांच्या हातातली चिमट्यांची टोपली तशीच राहिली. "अगं बाई, मग मध्ये विसरायला होत नाही?" होतं ना. म्हणून तर पुन्हा वाचतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय. त्याहून जास्त उधारी बाबांना चालत नाही. पूर्वी एकदा माझा आठवडाभर खंड पडला होता. रविवारी मी सातच्या सात एका बैठकीत उरकायला बसले, तेव्हा ते म्हणाले, मान्ना साठवू नये. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवानं पाठवलेलं अन्न, मिळायचा, तो त्या दिवसापुरताच. उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे. सहाव्या दिवशी तेवढी दुपटीची सवलत, कारण सातवा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. बाबांची 'दुसऱ्या दिवशी दोन'ची सूट इथून आलेली आहे, हे मला तेव्हा कळलं. मला स्वतःला हे इंदुरी पोह्यांवरून जास्त पटतं. सकाळी वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावण. तेच दुपारी दोन वाजता खाऊन बघावेत.

चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही 'दिन भर की रोटी' मागतो आणि घरी 'रोजची भाकर'. मागणं एकच आहे, तरी मला भाकर जवळची वाटते, रोजच्या जेवणात आमच्याकडे पोळीच असते तरीही. रोटी ताटात असते, भाकर मिळवावी लागते, असं काहीतरी. योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या पोराजवळ जवाच्या पाच भाकरी होत्या. तिथे रोटी लिहिली असती तर मला ते पोर दिसलंच नसतं.

आई गेल्यावर बाबा एकटेच, मनातल्या मनात वाचायचे. 1 जानेवारी 2021 ला त्यांनी उत्पत्तीपासून नवी फेरी धरली. माझं ऑफिस तेव्हा घरूनच चालत होतं, मीही त्यांच्यासमोर जाऊन बसले. पहिल्याच दिवशी माझी तक्रार: अध्याय सहाव्या दिवसावर संपतो, देवाची विश्रांती दुसऱ्या अध्यायात. ही अध्यायांची वाटणी तेराव्या शतकातल्या स्टीफन लँगटन नावाच्या इंग्रज धर्मगुरूची. मूळ लिहिणाऱ्यांनी आकडे घातले नव्हते. बाबांना लँगटनशी देणंघेणं नव्हतं. "विश्रांती उद्या," म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

एप्रिलात बाबांना कोरोना झाला. ताप फार नव्हता, ऑक्सिजन उतरत नव्हता, म्हणून त्यांना घरीच आतल्या खोलीत ठेवलं. शहर बंद. 13 तारखेला गुढीपाडवा होता. समोरच्या गॅलरीत काकूंनी गुढी उभारली होती, पण खालच्या रस्त्यावर ती बघायला माणूस नव्हता. मी दाराबाहेर स्टूल घेऊन बसले आणि आदल्या दिवसाची खूण उघडली. फेरीचा एकशे तिसरा दिवस: लेवीय, अध्याय तेरावा. याजकानं अंगावरचा चट्टा बघायचा, संशय वाटला तर त्या माणसाला सात दिवस वेगळं ठेवायचं, सातव्या दिवशी पुन्हा बघायचं, वाटल्यास आणखी सात दिवस. रोग असला तर त्यानं वरचा ओठ झाकून घ्यावा, 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडावं, आणि छावणीबाहेर एकटं राहावं. एकोणसाठ वचनं. आधीच्या फेऱ्यांमध्ये बाबा ती भाजीच्या यादीसारखी वाचून टाकत. त्या दिवशी मी एकेक वचन दारावर तोंड ठेवून वाचलं. ओठ झाकण्यापाशी आले तेव्हा आतून खोकला आला. थोड्या वेळानं कळलं, ते हसत होते. "म्हणजे मास्क तेव्हापासून आहे म्हणायचा."

मी हे चमत्कार म्हणून सांगत नाही. ओळीनं वाचत गेलं की कधीतरी एखादं पान आपल्या घरावर येऊन पडणारच, हे साधं गणित आहे. त्याच वर्षी नाताळच्या सकाळी काय आलं होतं? पहिला इतिहास, अध्याय एकवीस. दाविदानं केलेली शिरगणती आणि मग मरी, सत्तर हजार माणसं मेली. केकच्या सुऱ्या धुऊन ठेवल्या होत्या, तारा गॅलरीत लुकलुकत होता आणि आम्ही मरीचं वाचत होतो. मी म्हटलं, बाबा, आज एक दिवस लूकमधला येशूचा जन्म घ्या ना. नाही घेतला. संध्याकाळी चर्चमध्ये लूक ऐकायचाच आहे, म्हणाले.

त्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय तर नुसती नावं. अमक्याचा तमका, तमक्याचा ढमका. मध्येच चौथ्या अध्यायात याबेस नावाच्या माणसाची दोन वचनांची प्रार्थना येते. रेल्वेच्या प्रवासात एखादं स्टेशन उजेडात यावं तशी. मग पुन्हा नावं. मी दोन-तीन ओळी गाळल्या. बाबांनी बोट पुन्हा मागे नेऊन ठेवलं. "नावं गाळायची नाहीत. आपलं नाव कुणी गाळलं तर?" मी मनात म्हटलं, आपलं नाव कुठल्या यादीत आहे? मतदार यादीत माझं आडनाव दोनदा चुकलेलं आहे.

खरं सांगायचं तर बहुतेक दिवशी काहीच होत नाही. अध्याय संपतो, आमेन होतं, मी डबा भरायला उठते. काही दिवशी तर उलटंच होतं. शास्त्यांचा एकोणिसावा अध्याय मला अजून वाचवत नाही. एकशे सदतिसाव्या स्तोत्राची सुरुवात किती सुंदर, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारी माणसं. आणि शेवट, शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारा, इतका भयंकर, की त्यानंतर प्रार्थना कशी करायची कळत नाही. बाबांना विचारलं, हे देवाचं वचन कसं? ते बराच वेळ चष्मा पुसत होते. "हे रडणाऱ्या माणसाचं बोलणं आहे. देवानं ते ऐकून घेतलं, एवढं मला कळतं." मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण चष्मा पुसत त्यांनी घेतलेला तो वेळ मला खरा वाटला. पटापट उत्तरं देणारी माणसं मी चर्चमध्ये पुष्कळ पाहिली आहेत.

केडगावला पंडिता रमाबाई आयुष्याच्या शेवटी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या, खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. एप्रिल 1922 मध्ये त्या वारल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं आणि छपाई त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून झाली. ते भाषांतर आमच्या घरी नाही. आमच्याकडचं बायबल सोसायटीचं, जुन्या वळणाचं. त्यातला एक शब्द मात्र मला कुणी साधा करून देऊ नये असं वाटतं. मोशेच्या पाचव्या पुस्तकाचं मराठी नाव आहे 'अनुवाद'. हिंदीत त्याला व्यवस्थाविवरण म्हणतात. कित्येक वर्षं मला वाटायचं, हे पुस्तक तेवढं भाषांतरित आहे आणि बाकीची मूळ मराठीतली. मग एकदा लक्षात आलं, अनु आणि वाद, मागून पुन्हा बोलणं. म्हातारा मोशे यार्देनेच्या अलीकडे उभा राहून, चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेलंच सगळं नव्या पिढीला पुन्हा सांगतो. स्वतः पलीकडे जाणार नाही, हे त्याला माहीत आहे. तरी सांगतो, आणि तेच तेच सांगतो. घरी बसताना, चालताना, निजताना, उठताना पोराबाळांशी हेच बोला, असंही वर बजावतो. इंदुरात तीन पिढ्या आमच्या घरात मराठी टिकली ती कुठल्या मंडळामुळे नाही. सकाळी सहा-साडेसहाला हे पुन्हा बोलणं चालू होतं, म्हणून.

3 एप्रिल 2024 ला, बुधवारी, प्रकटीकरणाचा बाविसावा, म्हणजे बायबलाचा शेवटचा अध्याय झाला. ईस्टर होऊन तीनच दिवस झाले होते. एकही अध्याय बुडाला नव्हता. मी चौकातून पोहे-जिलबी आणली, काकूंकडेही एक पुडा दिला. बाबांनी बायबलाचं मागचं कोरं पान काढलं. तिथे आईच्या अक्षरात जुन्या फेऱ्यांच्या तारखा आहेत, त्यांच्याखाली त्यांनी पेन्सिलीनं ही लिहिली आणि खाली एका तारखेपुरती जागा सोडून रेघ मारली. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. मी मनातल्या मनात हिशेब केला, कागदावर करायचं धाडस झालं नाही. उद्यापासून रोज एक धरला तर 6 जुलै 2027, मंगळवार. आकडा तोंडातून निघून गेला.

बाबांनी जिलबीचा तुकडा मोडला. "जुलै म्हणजे पाऊस असेल," ते म्हणाले, "मग बाहेरून नको आणूस, पोहे घरीच कर."