निळी गाडी, कलमाचा चिकटा आणि सहा बाटल्या

पुण्याहून जुनी गाडी आणली तेव्हा इंजिन, टायर, कागदपत्रं हे सगळं नवऱ्याने पाहिलं आणि मी रंग पाहिला. गडद निळा. सात वर्षांच्या गाडीत रंग बघून कोण निर्णय घेतं, असं दिराने ऐकवलं होतं. चालवणार मी होते, रोज रत्नागिरी ते पावस, त्यामुळे मी गप्प बसले. गडद रंगावर धूळ दिसते हे मला ठाऊक होतं. आमच्याकडची धूळ जांभ्याची, म्हणजे लाल, आणि निळ्यावर ती जरा जास्तच उठून दिसते, एवढाच हिशेब चुकला.

खरी सुरुवात जानेवारीत झाली. आमच्या अंगणात गाडीला शेड नाही. हापूसच्या एका मोठ्या कलमाखाली ती उभी असते. त्या वर्षी मोहोर भरपूर आला आणि मोहोरावर तुडतुडेही भरपूर आले. हा किडा मोहोराचा रस पितो आणि साखरेच्या पाकासारखा चिकट द्रव खाली टाकत राहतो. बागायतदार त्याला चिकटा म्हणतात. सकाळी उठून पाहिलं तर बॉनेट, टप, काचा, सगळ्यावर बारीक बारीक थेंब वाळलेले, त्यावर लाल धूळ बसलेली. हात लावला तर बोट चिकटत होतं.

मारुती मंदिरापाशी ऑटो पार्ट्सच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने आधी माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं आणि म्हणाला, "साहेबांना पाठवा ना, ते सांगतील कुठलं पायजे." साहेबांना यातलं काडीचंही कळत नाही हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने एक चकाकीचा स्प्रे पुढे केला. "हा मारा आणि पुसा. आरसा होईल आरसा."

घरी येऊन मारला आणि पुसला, तोही न धुता, कोरड्या पिवळ्या फडक्याने. हे वाक्य लिहिताना आजही पोटात कालवतं. चिकटा गेला नाही, फडक्याबरोबर फिरला, आणि त्याच्यासोबत जांभ्याची कचही फिरली. संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे चमकायला लागले. वरून तो स्प्रे निघाला डॅशबोर्डसाठीचा, सिलिकॉनवाला. रंगावर त्याचा तेलकट थर राहिला आणि दुसऱ्या दिवशीची धूळ त्यावर दुप्पट बसली.

मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली आणि चूक सुधारण्याचा उद्योग महिनाभर चालला. एकेक करून बाटल्या घरात आल्या: क्विक डिटेलर, म्हणजे मारून पुसायचा पातळ स्प्रे, डबीतला वॅक्स, म्हणजे मेण, "क्लीनर-वॅक्स" नावाची दोन्ही कामं करणारी पातळ पॉलिश, रंगावर पारदर्शक संरक्षक थर बसवणारा सिरॅमिक स्प्रे, आणि सगळ्यात शेवटी, ओरखडे जातात असं कोणीतरी सांगितलं म्हणून, रबिंग कंपाउंडचा, म्हणजे घासायच्या खरखरीत पेस्टचा, डबा. तोपर्यंत एकूण सहा. मेग्वायर्स कंपनीचं घ्यावं की ३एमचं यावर मी दोन रात्री घालवल्या होत्या. मेग्वायर्स आता ३एमच्याच मालकीची आहे हे नंतर कळलं. तोवर झोप गेलेली.

रबिंग कंपाउंड मी रविवारी दुपारी, भर उन्हात, तापलेल्या बॉनेटवर हाताने घासलं. ते लगेच वाळलं, निघेना, म्हणून आणखी जोर लावला. ओरखडे गेले हे खरं. त्या जागी दोन तळहातांएवढा धुरकट, दुधट पट्टा आला. गाडीला मोतीबिंदू झाल्यासारखा.

सोमवारी शाळेतून परतताना एका पेंटरकडे थांबले. गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करतात ते, वय साठीच्या आसपास. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "कंपाउंड?" मी मान डोलावली. "उन्हात?" मी पुन्हा मान डोलावली. ते हसले नाहीत याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्यांनी मला एक खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताई, दुकानात सगळ्यालाच पॉलिश म्हणतात. त्यातलं एक धुतं, एक घासतं, एक झाकतं. तुम्हाला काय करायचंय ते आधी ठरवा." मग मग्यातलं पाणी बोटाने बॉनेटवर टाकलं. ओल्या जागेतले जाळ्यासारखे ओरखडे दिसेनासे झाले, वाळल्यावर परत आले. "पाण्याने लपतो तो वरचा. तो घासून जातो." दारावर किल्लीचा एक जुना ओरखडा होता, त्यावरून नख फिरवायला लावलं. नख अडकलं. "हा खोल आहे. ह्याला बाटलीत औषध नाही."

त्यानंतर मी प्रत्येक डागाला एकच प्रश्न विचारते: तू वर बसलायस की आत गेलायस? वर बसलेल्याला धुणारी वस्तू लागते, आत गेलेल्याला घासणारी. झाकणारी वस्तू, म्हणजे वॅक्स किंवा सिरॅमिक, ही दोन्ही कामं झाल्यावर. मी नेमकं उलट्या क्रमाने चालले होते.

घासण्याची मला एवढी भीती का बसली तेही सांगते. शहरातल्या एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडी बारकाईने साफ करून चकाकवून देणाऱ्याकडे, सिरॅमिक कोटिंगचा भाव विचारायला गेले होते. त्याने अठरा हजार सांगितले, तो विषय तिथेच संपला. पण त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं आणि त्याने ते हौसेने फिरवून दाखवलं. बॉनेटवर ११०च्या आसपास आकडा, मायक्रॉनमध्ये. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन धरतात. म्हणजे पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, निळा रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट, सगळं मिळून दीड केस. त्यातला क्लिअर कोट चाळीसेक मायक्रॉनचा, आणि घासणारं प्रत्येक पॉलिश त्यातलंच थोडं नेतं. डब्यावर हे कुठेही ठळक लिहिलेलं नसतं. जाता जाता त्याने उजव्या दाराला यंत्र लावलं तर आकडा २४० आला. दार पुन्हा रंगवलेलं होतं. "अपघात नाही, काही नाही" म्हणून गाडी विकणाऱ्याची आठवण नवऱ्याने त्या संध्याकाळी बराच वेळ काढली.

आमच्या मामांची निळी प्रीमियर पद्मिनी गाडी होती. दर दिवाळीला ते तिला पॉलिश करायचे आणि फडकं निळं व्हायचं. ते निळं फडकं मिरवायचे, बघ किती मळ निघाला म्हणून. तो मळ नव्हता, रंग होता. त्या गाड्यांवर बहुधा वेगळा क्लिअर कोट नसायचा. उन्हाने मेलेला वरचा रंग पॉलिशने निघायचा आणि खालचा ताजा दिसायचा. म्हणून तेव्हाच्या लोकांचा पॉलिशवर एवढा विश्वास. आताच्या गाडीवर फडक्याला रंग लागलाच, तर क्लिअर कोट संपला असं समजून हात थांबवायचा.

पेंटरनी आणखी एक गोष्ट दाखवली. टपावर आणि मागच्या डिकीवर पांढुरकी गोल वर्तुळं होती. मी ती चिकट्याची समजत होते. ते म्हणाले, "हे आपल्याकडच्या पाण्याचे नाहीत. बोअरच्या जड पाण्याने धुतलेली गाडी आहे ही." बरोबर होतं. आमच्या विहिरीच्या पाण्यात टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं, मीटर बुडवलं तर आकडा साठच्या पुढे जात नाही, जांभ्यातलं पाणी ते. गाडी पुण्याची, डागही पुण्याचे. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, फडक्याने मिनिटभर लावून लगेच भरपूर पाण्याने धुतल्यावर निम्मे गेले. उरलेले आत उतरले होते.

एप्रिलच्या एका शनिवारी, सकाळी सहाला, सावलीत, सगळं पहिल्यापासून केलं. आधी नुसत्या पाण्याचा फवारा, मग दोन बादल्या: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साठलेली लाल कच पाहिली आणि पिवळ्या फडक्याने काय केलं असेल ते डोळ्यांनी कळलं. भांड्यांचा साबण वापरायचा नाही असं नाही, पण तो वॅक्स काढून टाकतो. मला त्या दिवशी सिलिकॉनचा थर काढायचाच होता, म्हणून एकदाच वापरला.

धुतल्यावर गाडी स्वच्छ दिसत होती. पेंटरनी सांगितल्याप्रमाणे हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं दारावरून फिरवली. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून चक्क रव्यासारखा लागला. हे लोखंडाचे बारीक कण, ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले. त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे कण विरघळवणारा द्रव, मारला. मुलगा शेजारी उभा होता. मिनिटाभरात दारांच्या खालच्या भागातून जांभळे ओघळ यायला लागले, जणू कोणी पिकली जांभळं चेपली. तो "आई, रक्त!" म्हणून ओरडला आणि लगेच नाक धरून पळाला, कारण त्याचा वास नासक्या अंड्यासारखा येतो. तो सुकू न देता धुवायचा.

त्यानंतर क्ले, म्हणजे डिटेलिंगची माती. चपटा गोळा करून, क्विक डिटेलरचा ओलावा ठेवून, जोर न लावता फिरवायचा. घरातला क्विक डिटेलर मी पूर्वी नुसती धूळ पुसायला वापरून वाया घालवत होते. वंगण म्हणून तो इथे कामाला आला. अर्धं काम झाल्यावर गोळा हातातून निसटून अंगणात पडला. उचलून पाहिला तर खाली चिऱ्याची भुकटी चिकटलेली. धुऊन घ्यावा असं मनात आलं, पाचशे रुपयांची वस्तू. पण पिवळं फडकं आठवलं आणि तो तसाच कचऱ्यात टाकला. अर्धा तुकडा डबीत तोडून ठेवला होता, त्याने उरलेलं केलं.

घासण्याचं काम मात्र स्वतः केलं नाही. बॉनेट, टप आणि डिकी पेंटरकडे नेली. त्यांनी मशीनवर मऊ पॅड आणि बारीक पॉलिश लावून माझा मोतीबिंदू काढला. दोन तास, आठशे रुपये. शेवटी त्यांनी अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पत्रा पुसला. काही पॉलिशमधलं तेल ओरखडे बुजवून टाकतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दोन पावसांनंतर ओरखडे परत येतात. "पुसून दिसतंय तेच खरं," एवढंच ते म्हणाले.

झाकायला वॅक्स की सिरॅमिक स्प्रे, इथे मी थोडी घुटमळले. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या ताडासारख्या एका झाडाच्या पानांवरचा. गडद रंगावर त्याची ऊब वेगळीच दिसते, पण आमच्या उन्हात तो महिना-दीड महिना टिकला तरी खूप. सिरॅमिक स्प्रे घेतला. तो गाडीवर न मारता फडक्यावर मारायचा, एका वेळी एकच पत्रा, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरच्या, म्हणजे बारीक तंतूंच्या मऊ, फडक्याने पुसायचा. पहिल्या दारावर मी सढळ हाताने मारला. हवेत दमटपणा एवढा की तो वाळेचना, धुरकट रेघा राहिल्या. पुढच्या दारावर दोनच फवारे मारले आणि नीट बसला. नंतर दिवसभर पाणी लागू द्यायचं नसतं, म्हणून हे काम मे संपायच्या आत उरकायचं. जूनमध्ये कोकणात चोवीस तास कोरडे कुठून आणणार?

मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर घालायचा नाही, त्याने तंतूंवर थर बसतो आणि फडकं पाणी प्यायचं थांबतं. हे मला सांगायला कोणी नव्हतं, चार फडकी गेल्यावर समजलं.

आता चिकट्याचं. या जानेवारीत तो पुन्हा पडला. मी कपाटातल्या बाटल्या बाहेर काढून व्हरांड्यात मांडल्या आणि यातली कोणती, असा विचार करत उभी होते. सासूबाई कपडे वाळत घालायला आल्या होत्या. म्हणाल्या, "कलमाचा चिकटा ना तो? मग कोमट पाणी ओत की. साड्यांवर पडतो तेव्हा मी काय बाटल्या आणते?"

साखरच ती. दोन बादल्या कोमट पाण्यात, थोड्या शॅम्पूने, दहा मिनिटांत निघून गेली. रोज काढली तर त्यावर काळी बुरशीही धरत नाही. कावळ्याच्या विष्ठेलाही तेच: ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवायचं आणि उचलून घ्यायचं, खरवडायचं नाही.

फक्त एक डाग राहिलाय. मेमध्ये आंबे उतरवताना देठाचा चीक बॉनेटवर पडला आणि गडबडीत दोन दिवस तसाच राहिला. रुपयाएवढी, किंचित खडबडीत जागा. पाणी टाकलं तरी लपत नाही. पेंटरना दाखवली, त्यांनी नखाने चाचपली आणि म्हणाले, "असू दे. ह्याला घासलंत तर खालचं निळं उघडं पडेल." डॅशबोर्डच्या त्या स्प्रेची बाटली आता मोरीच्या दाराच्या बिजागऱ्यांना चालते. गाडी अजून कलमाखालीच उभी असते. अंगणात दुसरी सावली नाही.