अकरा वेळा, पण सलग नाही

"गाव कोणतं?" "सांगोला." यावर २०२२ पासून समोरचा आधी आमच्या तेव्हाच्या आमदाराच्या गाजलेल्या फोनमधलं "काय झाडी, काय डोंगार" म्हणून हसून घेतो. पन्नाशीच्या पुढचा असेल तर हसून झाल्यावर विचारतो, "तुमचे ते एसटीनं फिरणारे आमदार, गणपतराव देशमुख, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा कसे हो निवडून आले?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

साधेपणामुळे, हे उत्तर तुम्ही मनात धरूनच आलेले असता. आबासाहेब, म्हणजे गणपतराव, एसटीनं फिरायचे हे खरं. पण नुसत्या साधेपणावर आमच्याकडं ग्रामपंचायतसुद्धा निघत नाही. एसटीचा उपयोग वेगळाच. काचा वर करून जाणाऱ्या आमदाराला गाठायचं तर मध्ये कुणीतरी लागतो. स्टँडवर उभ्या आमदाराला कुणीही गाठतो.

आणि ते पडलेतही, हे कुणी सांगत नाही. १९६२ ला पहिल्यांदा आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी पाडलं. हो, तेच झाडी-डोंगारवाले. १९९९ ला पुन्हा आबा, ते थेट २०१४ च्या निवडणुकीपर्यंत. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला लोक असं मधेच खाली उतरवत नाहीत.

पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, लाल बावटा. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात थोडा काळ मंत्रिपद, बाकी बहुतेक हयात विरोधी बाकावर. आता विरोधातला आमदार तालुक्याला देणार काय? आबांनी एकच विषय धरला: पाणी. माणदेशात पाऊस कमी, माण नदी बहुतेक वर्षभर वाळूचीच. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी त्यांनी विधानसभेत लावून धरली आणि नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतूनही. शिवाय कापसाचा तालुका नसताना इथं सहकारी सूतगिरणी उभी केली.

सत्तेतल्या पक्षात असते तर टेंभूचं, म्हणजे कृष्णेतून उचलून आणायच्या योजनेचं, पाणी लवकर आलं असतं का, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. मला वाटतं, थोडं लवकर आलं असतं. आजोबांपुढं हे बोलायची सोय नव्हती. पाणी येईपर्यंत एक अख्खी पिढी ऊसतोडीला आणि मुंबईला गेली, हेही मी विसरत नाही. पण सरकारं बदलत गेली तरी तेच गाऱ्हाणं, त्याच नेटानं, दर अधिवेशनात मांडणारा माणूस लोकांना दिसत होता. मला विचाराल तर अकरापैकी निम्म्या निवडणुका तरी त्यावर निघाल्या असतील.

मी स्वतः त्यांना कधी भेटलो नाही, सभेत लांबून पाहिलं तेवढंच. वयामुळं २०१९ ला ते उभे राहिले नाहीत आणि २०२१ ला गेले.

माझ्या चुलत्यांनी १९९५ ला त्यांच्या विरोधात मत दिलं होतं, १९९९ ला पुन्हा आबांना. असं का, म्हणून एकदा विचारलं. तंबाखू मळत म्हणाले, "पाण्याचं कोण बोलतंय दुसरं?"