अंधाऱ्या खोलीत पाहिलेला कोन

निफाड तालुक्यातल्या एक मावशी गेल्या हिवाळ्यात माझ्या नाशिकच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर ‘ओपन अँगल काचबिंदू’, म्हणजे डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याचा कोन उघडा असलेला काचबिंदू, असे निदान आणि तेच थेंब लिहिलेले होते, मात्र तो कोन प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद एकाही चिठ्ठीवर नव्हती. तिन्हीसांजेला शेतातून परतल्यावर कपाळ ठणकते आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असे त्या सांगत होत्या. घरच्यांनी त्याला अर्धशिशी मानले होते.

डोळ्यातले पाणी बाहुलीतून पुढे येते आणि कॉर्निआ (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) व आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून बाहेर पडते. हा कोन बाहेरून थेट दिसत नाही, कारण तिथून निघालेला प्रकाश कॉर्निआच्या पुढच्या पृष्ठभागावर सुमारे 46 अंशांपेक्षा अधिक तिरका पडतो आणि पूर्ण परावर्तित होऊन आतच राहतो. डोळ्यावर भिंग टेकवले की हवेशी असलेली ती सीमा नाहीशी होते. नेत्रतज्ज्ञ गोल्डमन यांनी 1938 मध्ये अशा भिंगात आरसा बसवला आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे प्रकाशाची बारीक पट्टी टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, बसल्या बसल्या कोन पाहणे सोपे झाले. आरसा वर असेल तर दिसतो तो खालचा कोन, हे शिकाऊ डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो.

“डॉक्टर, काच डोळ्यात घालणार?” मावशींनी विचारले. “नुसती टेकवणार आहे, मावशी. बधिर करणारे थेंब घातलेत, तुम्ही फक्त समोर बघत राहा.” खोलीतले सगळे दिवे मालवून प्रकाशाची पट्टी मी जेमतेम 1 मिलिमीटर उंचीची ठेवली आणि ती बाहुलीवर पडू दिली नाही. तीन चतुर्थांश भागात मला श्वाल्बेच्या रेषेपलीकडे, म्हणजे कॉर्निआच्या आतल्या कडेपलीकडे, काहीच दिसेना. ती रेषा तरी खात्रीने ओळखावी म्हणून पट्टी अरुंद व तिरकी केली, कारण कॉर्निआच्या आतल्या आणि बाहेरच्या प्रकाशरेषा जिथे एकत्र येतात तिथेच ती असते. रंगद्रव्य साचलेली रेषा पुष्कळदा जाळीसारखी भासते आणि बंद कोन उघडा वाटतो. तेवढ्यात मदतनिसाने दार उघडले, बाहेरचा उजेड आत आला, बाहुली आकसली आणि दडलेली जाळी माझ्या डोळ्यांदेखत समोर आली. मावशींचे दुखणे तिन्हीसांजेलाच का उठत होते, याचे उत्तर त्या एका क्षणात होते: अंधारात बाहुली मोठी झाली की त्यांचा कोन मिटत होता.

पुढे लहान तोंडाच्या चार आरशांच्या भिंगाने कॉर्निआच्या मध्यावर हलका दाब दिला. दाबाने पाणी कडेकडे सरकते आणि आयरिसला मागे ढकलते. आयरिस नुसती टेकलेली असेल तर कोन उघडतो, चिकटलेली असेल तर उघडत नाही. खालचा कोन उघडला, वरचा बराचसा मिटलेलाच राहिला.

पूर्वी माझ्याकडेही रांग लवकर सरावी म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब आधीच घातले जात, आणि त्यामुळे किती कोन माझ्या नजरेतून निसटले असतील, याची खंत मला आजही आहे. आता काचबिंदूचा संशय असलेल्या किंवा जुना मधुमेह असलेल्या कोणालाही कोन पाहिल्याशिवाय ते थेंब घालायचे नाहीत, असा नियम आहे. मधुमेहात कोनावर वाढणाऱ्या नाजूक नव्या रक्तवाहिन्या बाहुली मोठी झाल्यावर सहज चुकतात. विटी किंवा चेंडू लागलेल्या डोळ्यात फाटून मागे सरकलेला कोनही असाच प्रत्यक्ष पाहावा लागतो. ओसीटीचे (प्रकाशाने डोळ्याचा आडवा छेद दाखवणाऱ्या तपासणीचे) छायाचित्र मोजमापाला फार उपयोगी असले, तरी जाळीचा रंग आणि त्यावरची बारीक रक्तवाहिनी त्यात दिसत नाही.

मावशींच्या दोन्ही डोळ्यांत लेसरने आयरिडॉटमी केली, म्हणजे पाण्याला वाट मिळावी म्हणून आयरिसला बारीक छिद्र पाडले. महिन्याने दिवे मालवून पुन्हा भिंग टेकवले तेव्हा खालच्या अर्ध्या भागात जाळी अंधारातही दिसत होती. वरचा चिकटलेला भाग तसाच होता, म्हणून थेंब चालू ठेवले आहेत.