देठासंग तोड वो : खम्ममच्या मिरचीरानात

बल्लारशाहहून काझीपेठ, वरंगळ, डोर्नकल करत गाडी तेलंगणातल्या खम्ममला पोचते. खम्ममचा किल्ला पाहिला, चांगला आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हे लिहायला बसलो ते वायराच्या वाटेवरच्या एका गावामुळे. तिथे फेब्रुवारीतल्या एका सकाळी तेलुगू शेतकऱ्याच्या मिरचीत चक्क झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, मराठी कानावर आली : "देठ नोको तोडू वो बाई, देठासंग तोड!"

गडचिरोली-चंद्रपूरकडचा धान डिसेंबरपर्यंत घरात येतो आणि तेंदूपत्त्याला मे उजाडावा लागतो. मधले तीन-चार महिने गावात काम नसतं. म्हणून जानेवारी उलटला की बायाबापडे भांडीकुंडी घेऊन तेलंगणात मिरची तोडायला येतात. टोळीच्या म्होरक्याला इथे मेस्त्री म्हणतात, म्हणजे आपला मुकादम. सिरोंचाकडचा माणूस या कामाला सोन्यासारखा, कारण त्याच्या घरातच दोन्ही भाषा असतात. बाकीच्यांचं अक्का, अण्णा आणि बोटांच्या खुणांवर भागतं. अक्का-अण्णा दोन्हीकडे सारखेच, तेवढं बरं.

देठाचं मात्र भागत नाही. देठाला तेलुगूत 'तोडिमा' म्हणतात. मालक बांधावरून 'तोडिमा, तोडिमा' ओरडतो, नवख्या मराठी कानाला त्यातलं 'तोड' तेवढं ऐकू येतं, आणि अर्थ नेमका उलटा! देठ निघाला की मिरचीचं तोंड उघडं पडतं. त्यातून बी सांडतं, ओल आत शिरते, वाळताना आतून बुरशी धरते आणि ती बाहेरून दिसतही नाही. देठ हवा की नको हे नंतर व्यापारी ठरवतो. बिनदेठाचा माल हवा असेल तर वाळलेल्या मिरचीचे देठ बायांकडून वेगळे काढून घेतात. रानात मात्र देठ राहिलाच पाहिजे.

इथली मिरची म्हणजे तेजा. बारीक, लांबट आणि जहाल. मसाल्यापेक्षा तिचा अर्क काढायला जास्त मागणी, त्यामुळे खम्ममचा माल थेट चीनपर्यंत जातो. रोप जुलै-ऑगस्टमध्ये टाकतात, पाचसहा आठवड्यांनी काळ्या रानात लावतात. या मातीला तेलुगूत रेगडी म्हणतात, आपली रेगूरच. पहिला तोडा संक्रांतीच्या आगेमागे येतो, मग एप्रिलपर्यंत तीन-चार तोडे. पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. आपण दोन्हीला मिळून चुरडामुरडा म्हणतो आणि मग औषध चुकतं. 2021-22 च्या हंगामात काळे फुलकिडे आले ते पानावर नाही, थेट फुलात बसले. फूलच गळालं तर मिरची लागणार कुठून? पुष्कळांनी उभं पीक मोडलं. तेव्हापासून रानात काठ्यांवर निळे चिकट सापळे दिसतात.

तोडणी दव सुकल्यावर. ओली मिरची ढिगात तापते आणि कुजते, शिवाय मजुरी किलोवर असेल तर दवाचं वजन कुणाचं यावरून संध्याकाळी काट्याशी वाद होतो. बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात, डोकं-तोंड बांधतात, हाताला तेल चोळतात. मिरचीचा जाळ पाण्याने जात नाही, तेलाने किंवा ताकाने उतरतो. नुसत्या पाण्याने हात धुऊन डोळ्याला लावू नये. हे मला माहीत होतं, आणि तरीही लावला.

तोडलेला माल लगेच पसरत नाहीत. एक-दोन दिवस ढीग करून ठेवतात, म्हणजे अर्धवट पिकलेली मिरचीही लाल होते. मग खळ्यावर. तेलुगूत खळ्याला कल्लम म्हणतात. जमीन चोपून सपाट केलेली असते, आताशा वर ताडपत्री किंवा हिरवी जाळी अंथरतात. थर दोन-तीन इंचांचा, दिवसातून दोनदा पायाने सरी पाडल्यासारखी उलथायची. सूर्य कलला की सगळी मिरची पुन्हा गोळा करून ढीग, वर ताडपत्री. सकाळी पुन्हा पसरायची. असं दहा-पंधरा दिवस. शंभर किलो ओल्या मिरचीची वाळून पंचवीस-तीस किलो राहते.

मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो या संध्याकाळच्या ढिगापाशी. चार माणसं लाकडी फळीने मिरची ओढत मध्ये आणतात, बाकीच्या बाया कडेची वेचतात. पांढरी, डागाळलेली मिरची बाजूला टाकतात, ती 'तालू'. तिचा ढीग वेगळा, भाव कितीतरी कमी. ढग दिसला तर जेवण सोडून सगळे खळ्याकडे पळतात, कारण एका सरीने लालीवर डाग पडतो आणि चांगला माल तालूत जातो.

पोत्यात भरायची तीही पहाटे. दुपारी मिरची इतकी कडक असते की हातात चुरा होतो. पहाटेच्या दमटपणाने ती लवचीक होते. पण ओलावा दहा-अकरा टक्क्यांच्या वर गेला तर पोतं आतून तापतं. हाताच्या अंदाजावर चाललेला हा खेळ आहे. मूठभर मिरची कानाशी हलवायची, बी खुळखुळलं पाहिजे.

खम्ममच्या बाजारात सकाळी 'जेंडा पाटा' होते, म्हणजे झेंड्याचा लिलाव. दिवसाचा सगळ्यात वरचा भाव त्यात पुकारला जातो, दुसऱ्या दिवशी पेपरात तोच छापून येतो, आणि बहुतेकांच्या पोत्याला मिळतो त्याहून खालचा. 2023 मध्ये तेजा क्विंटलला 20 हजारांच्या वर होती, 2025 च्या फेब्रुवारी-मार्चात 15 हजारांच्या खाली. ज्याला थांबणं परवडतं तो माल शीतगृहात ठेवतो. साध्या गोदामात काही महिन्यांत रंग उडतो. डोक्यावर कर्ज असलेला थांबू शकत नाही.

शेतकऱ्याच्या घरच्या पाहुणचाराबद्दल तक्रार नाही, पोटाबद्दल आहे. भात, पप्पू म्हणजे वरण, गोंगूरा म्हणजे आपली अंबाडी, वर तेलाची धार, शेवटी पुन्हा भात आणि मज्जिगा म्हणजे ताक. पुरे म्हटलं तरी ताटात पडतच राहतं. संक्रांतीच्या उरलेल्या सकिनालू मात्र कितीही चालतील. तांदळाच्या पिठाची, तीळ-ओवा घातलेली, चकलीसारखी पण हाताने वळलेली.

हीच माणसं मजुरांना रानाच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्यांत ठेवतात, हे मला पटलं नाही. ना संडास, ना अंघोळीला आडोसा. ढिगावरची ताडपत्री झोपडीवरच्यापेक्षा नवी होती. घरातल्या म्हातारीला बोलून दाखवलं, तर तिने माझ्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.

तोडणी आटोपली की या बाया वर्षाची मिरची बांधून घरी निघतात. पोतं ताडपत्रीत गुंडाळलेलं, तोंड सुतळीने शिवलेलं, तरी धूळ बाहेर येतेच. बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीत अख्खा डबा शिंकत होता, आणि टीसी तिकीट न बघताच पुढे गेला.