चैत्रगौर ते चैत्रगौर

रविवार, रात्री पावणेअकरा

आज समोरच्या इमारतीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सतरंजीवर बसले, पन्हं प्यायले, आंब्याच्या डाळीची दुसरी वाटी नको म्हणाले (मग अर्धी घेतलीच), ओटीत भिजवलेले हरभरे घेतले आणि उठले. एवढंच लिहायचं होतं खरं तर. उठले. हात न टेकता, कुणाचा खांदा न धरता, ‘अगं बाई गं’ न म्हणता.

गेल्या वर्षी त्याच घरात, बहुधा त्याच सतरंजीवरून, मला दोघींनी काखेत हात घालून उठवलं होतं. त्यातली एक माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर दार लावून काट्यावर उभी राहिले. 74.6. उंची 5 फूट 1 इंच, वय 48. पाळीचा पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांनी तर कधी अडीच महिन्यांनी. पंजाबी ड्रेसच्या नाड्याचा वळ संध्याकाळपर्यंत कमरेवर तसाच.

पुढच्या आठवड्यात तपासण्या केल्या. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ते एचबीएवनसी, 6.2 निघालं. 5.7च्या खाली हवं, 6.5ला मधुमेहाचा शिक्का. म्हणजे मी मधल्या बाकावर. डॉक्टरीणबाईंनी टेप काढला. बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी, माझी 97, तीही श्वास आत ओढून. त्या टेप गुंडाळत म्हणाल्या, ‘पोट सोडा, परत मोजू.’ परत मोजलेला आकडा इथे लिहीत नाही.

जिमचं म्हणाल तर ते आधीच करून झालं होतं. तीन वर्षांपूर्वी सवलत आहे म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले आणि अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गुडघा सुजला. त्या पावतीकडे बघून नवरा अजूनही दिवसाला किती पडले याचा हिशोब करतो.

मग खाण्याचे पंथ. आमच्या सोसायटीत उघड दोन तट आहेत. एक डॉ. दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत आटपा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. लिफ्टमध्ये दोन्ही बाजूंच्या बायका भेटल्या की वातावरण तापतं. मी आळीपाळीने दोन्हीकडे आठ-आठ दिवस काढले. दोष त्यांचा नाही. पहिल्यात मी दोनदा चौघांचं जेवले आणि दुसऱ्यात दर दोन तासांनी जेवले. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय!

खरी गोष्ट लेकीने दाखवली. ती जूनमध्ये सुट्टीला आली होती. एका रात्री मी ओट्याशी उभी राहून आवराआवर करत होते, ती पाणी प्यायला आली आणि म्हणाली, ‘आई, तू परत जेवतेयस?’

जेवत कुठे होते, आवरत होते. पातेल्यात दोन घास भात होता, तो कुठे काढून ठेवायचा म्हणून आमटीच्या तळाशी कालवला. मुलाने अर्धी पोळी टाकली होती, ती त्यातच. भाजीच्या कढईला मसाला लागला होता, तो पोळीच्या तुकड्याने पुसून घेतला. दुधाच्या पातेल्याची साय तर माझीच, लग्न झाल्यापासून. हे सगळं उभ्याने, दिवा अर्धा मालवलेला, ताट न घेता. ताट न घेता खाल्लेलं मी कधी मोजलंच नव्हतं. वरणभात, पोळीभाजी, कोशिंबीर असं शहाण्यासारखं जेवून झाल्यावर रोज रात्री मी एक लहान जेवण आणखी जेवत होते, आणि डॉक्टरीणबाईंनी ‘आहार काय?’ विचारल्यावर अगदी प्रामाणिकपणे ‘दोन पोळ्या’ सांगत होते.

ही सवय माझ्या आईची आणि तिच्या आईची. पानात टाकायचं नाही, पातेल्यात ठेवायचं नाही. त्या बायकांना फ्रीज नव्हता, शिवाय त्या पाणी भरायच्या, धुणं आपटायच्या, जात्यावर बसायच्या. माझ्याकडे फ्रीज आहे आणि मी दिवसाचे सात तास खुर्चीत बसून बिलं तपासते. तरी हात आपोआप पातेल्याकडे जातो. अन्न वाया जाऊ नये म्हणून ते पोटात टाकायचं. मुळात मला नकोच असेल तर पोटात गेलं काय नि डब्यात गेलं काय, वाया ते वायाच. पण हे पटायला दोन महिने गेले, आणि पहिले काही दिवस कढई विसळताना चक्क अपराधी वाटायचं.

उपाय हास्यास्पद आहे. स्टीलचे चार लहान डबे आणले. टेबलावरून उठायच्या आधी, बसल्या बसल्या, उरलेलं त्यात भरायचं. ओट्याशी पातेली येतात ती रिकामीच. आणि तांदूळ दोन वाट्यांऐवजी दीड वाटी. तेवढ्यावर कुणी उपाशी राहिलं नाही. उलट सकाळचा फोडणीचा भात बंद झाला म्हणून नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं.

मग तेल. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन महिनाभर जायचा. चार माणसं. भागाकार केला तर माणशी रोज 40 मिलिलिटरच्या वर, म्हणजे आठ चहाचे चमचे. कॅनवरून थेट कढईत ओतायची सवय होती. आता बुटक्या बुधलीत काढते आणि फोडणीला चमच्याने मोजून घालते. सध्या महिन्याला तीन लिटर लागतं. मटकीची उसळ पूर्वीसारखी लागत नाही, हे खरं आहे, कबूल करते.

चहाची साखर मात्र कुणाला कळू न देता कमी केली. दोन चमचे होती, दर पंधरवड्याला पाव चमचा खाली. सासूबाईंच्या लक्षात आलं ते पाऊण चमच्यावर पोचल्यावर. ‘साखर महागली का गं?’

त्याच सासूबाईंनी मला शतपावलीला लावलं, तेही स्वतःच्या सोबतीसाठी. त्या 76 वर्षांच्या. रात्री जेवण झालं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. मी आधी मोबाइल घेऊन बसायचे, त्या एकट्या जायच्या. आता दोघी जातो. शंभर पावलं म्हणता म्हणता पंधरा-वीस मिनिटं होतात, कारण त्यांना प्रत्येक गाडी कुणाची ते ओळखायचं असतं. जेवणानंतर चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती एकदम चढत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग शतपावली काय उगीच म्हणतात?’

व्यायामाचं गुपित कुकरमध्ये आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या वयात स्नायू झिजतात आणि पाळी जायच्या सुमाराला चरबी पोटावर जमते, तेव्हा नुसतं चालून भागणार नाही, पायांना जोर द्या. जोर द्यायला वेळ कुठला? मग लक्षात आलं, कुकर लावल्यावर तिसऱ्या शिट्टीपर्यंत मी ओट्याला टेकून नुसती उभी असते. पहिल्या शिट्टीपर्यंत टाचा वर-खाली. दुसरीपर्यंत स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचं नि उठायचं, हात छातीशी बांधून. सुरुवातीला चारदा उठताना खुर्चीच करकरायची की माझे गुडघे, कळायचं नाही. आता वीस वेळा होतं. तिसऱ्या शिट्टीला ओट्यावर हात टेकून तिरके जोर. मुलगा म्हणतो, ‘आई, वरण शिजलं की तू शिजलीस?’ आज सतरंजीवरून उठले ते या खुर्चीमुळे, मला दुसरं कारण दिसत नाही.

रविवारी पर्वती. पायथ्याला राहून पंचवीस वर्षं झाली आणि वर्षातून एकदा श्रावणात जायचे. 103 पायऱ्या. हत्ती चढावेत म्हणून रुंद ठेवल्या, असं म्हणतात, त्यामुळे धड एका पावलात मावत नाहीत आणि धड दोनात नाहीत. गेल्या जुलैत तीनदा थांबले, थांबताना चप्पल नीट करत असल्याचं सोंग. पांढऱ्या टोपीतले सत्तरीपुढचे आजोबा बाजूने चढून जायचे आणि मी वर पोचेपर्यंत दुसऱ्यांदा भेटायचे. आता एका दमात चढते, दिवस बरा असेल तर दोनदा. उतरताना अजून गुडघा बोलतो, चढण्यापेक्षा उतरणं वाईट, म्हणून तिरपी, पाय सांभाळत उतरते.

दिवाळीत सगळं बोंबललं. चकल्या तळताना ‘मीठ बघते’ म्हणत किती खाल्ल्या देव जाणे. त्यात डिसेंबरात भाचीचं लग्न. सव्वादोन किलो परत. नंतर जानेवारीभर आणि अर्धा फेब्रुवारी काटा 69.8वर खिळा ठोकल्यासारखा. रोज उभी राहायचे, रोज चिडायचे. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं की सकाळी किलोभर जास्त, ते मिठाने धरलेलं पाणी असतं, हे कळत असूनही चिडायचे. शेवटी नवऱ्याने काटा माळ्यावर टाकला. आता फक्त रविवारी स्टूल लावून काढतो, तेवढाच त्याचा व्यायाम.

आज सकाळी 67.3. वर्षात सात किलो तीनशे ग्रॅम. एवढं तर लोक दोन महिन्यांत उतरवतात, जाहिरातीत. कंबर 88, साखर 5.8. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 31वरून 28वर आला. आपल्याकडच्या हिशोबात 25च्या पुढे लठ्ठच, म्हणजे मी कागदावर अजून लठ्ठ. शिंपीणबाईंनी मात्र चार ड्रेस आत घेऊन दिले आणि विचारलं, ‘शिलाई सोडून ठेवू ना आत, परत लागली तर?’ ठेवा म्हटलं.

हळदीकुंकवाहून येताना यजमानीणबाईंनी डबा भरून आंब्याची डाळ दिली. जेवणात तिघांनी घेतली, तरी वाटीभर उरली. आंबट-तिखट, वर खोबरं, हिंगाची फोडणी. टेबलावर बसल्या बसल्या लहान डब्यात भरली. मग ओट्याशी जाऊन डबा उघडला, दोन चमचे खाल्ली, पुन्हा झाकण लावलं. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे. उद्या नवऱ्याच्या डब्यात देईन, आंबली नसेल तर.