वारुळावरची अळंबी ओळखताना: माझा अनुभव

पाइनच्या जंगलातली अळंबी खानदेशात शोधून उपयोग नाही. पाइनच्या मुळांशी सोबत करणाऱ्या बुरशींपैकी पुष्कळ जाती पावसात जमिनीवर छत्र्या काढतात. यावल, तोरणमाळकडच्या सागाची सोबत करणाऱ्या बुरशा वेगळ्या. त्या मुळाच्या पेशींत शिरून राहतात, वर छत्री येत नाही. म्हणून हिमाचल-उत्तराखंडची छायाचित्रं समोर ठेवून सातपुड्यातली अळंबी ओळखू नये. आपल्याकडची खाण्याची मोठी अळंबी बहुतेक वाळवीच्या घरातून, म्हणजे वारुळातून येते. वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्यावर बुरशी वाढवते, आणि पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या माती फोडून वर येतात.

ही अळंबी मी उपटत नाही. खुरपीने भोवतालची माती सैल करत वीतभर तरी खाली जातो. टोपीच्या मधोमध टणक टोक आणि मुळासारखा निमुळता होत खोल गेलेला दांडा, या दोन्ही खुणा मला लागतात. उपटली की दांडा जमिनीलगत तुटतो आणि मुख्य खूण मातीतच राहते. अमानिटा गटातल्या अतिविषारी जातींच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण असतं, तेही तसंच खाली राहून जातं.

घोटाळा जास्त होतो तो गवतात, गोठ्याजवळ, मैदानात येणाऱ्या पांढऱ्या मोठ्या छत्रीशी. तिच्या टोपीवर तपकिरी खवले असतात, दांड्यावर वर-खाली सरकणारं कडं असतं. ती कोवळी असताना टोपीखालचे कल्ले, म्हणजे पातळ उभे पापुद्रे, पांढरेच असतात, त्यामुळे नुसत्या नजरेवर भरवसा चालत नाही. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात.

तिथे बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा कामी येतो. पूर्ण उघडलेली टोपी घ्यायची, दांडा कल्ल्यांलगत कापायचा आणि टोपी कल्ले खाली करून कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा हवा, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. वरून पाण्याचा एक थेंब, त्यावर वाटी पालथी, आणि रात्रभर हलवायचं नाही. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, त्या गवतातल्या विषारी छत्रीचा मळकट हिरवा, अमानिटाचा पांढरा. टोपी मिटलेली असेल तर ठसा येत नाही. पावसात भिजलेली असेल तर तो पसरतो आणि रंग कळत नाही; अशी टोपी आधी तासभर वाऱ्यावर ठेवावी. गुलाबी ठसा इतर काही जातींचाही येतो, म्हणून ठसा आणि खणून पाहिलेला दांडा दोन्ही जुळायला हवेत. एक जरी जुळलं नाही तरी मी ती अळंबी टाकून देतो.

वारुळ ओळखीचं असलं तरी कपाशीच्या किंवा केळीच्या बांधावरची अळंबी मी घेत नाही. फवारणीचं औषध तिथे उतरलेलं असतं, आणि अळंबी जमिनीतले जड धातूही शोषून घेते. गोळा करायला टोपली किंवा कापडी पिशवी घ्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजते आणि संध्याकाळपर्यंत सडायला लागते.

चांदीचं नाणं काळं पडणं, लसणाचा रंग बदलणं, किड्यांनी खाल्लेली असणं, यांतल्या एकाही गोष्टीने विष कळत नाही. शिजवूनही अमानिटाचं विष जात नाही. त्याची लक्षणं बहुधा सहा तासांनंतर दिसतात, मग मधे बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत खराब होत असतं. म्हणून उलट्या थांबल्या तरी रुग्णाला घरी ठेवू नये. उरलेली अळंबी, साफ करताना काढलेला कचरासुद्धा, कागदात गुंडाळून दवाखान्यात सोबत न्यावा आणि खाल्ल्याची वेळ डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावी.